चराचरातील देव आणि विधीची कसोटी

उत्तरेस सातपुड्याची रांग आणि दक्षिणेस सूर्यकन्या तापी, यांच्या मधल्या काळ्या कसदार पट्ट्यात सावदा हे गाव वसले आहे. जळगाव जिल्ह्याच्या रावेर तालुक्यातील हे गाव भुसावळ-खंडवा लोहमार्गाच्या सान्निध्यामुळे केळीच्या व्यापारासाठी दूरवर परिचित झाले. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले. या मुलखातून देवदर्शनास जाणाऱ्या भाविकाला कळस व ध्वज मिरविणारी देवालये दिसतातच. परंतु दोन गावांच्या शिवेवर, विहिरीच्या काठी, निंबाच्या पारावर शेंदूर माखलेले दगडही दिसतात. कोठे तो म्हसोबा असतो, कोठे मरीआई, कोठे मुंजोबा, तर पाण्याजवळ साती आसरा. त्यांना घडीव मूर्तीचे रूप नाही आणि अनेकांना डोक्यावर छप्परही नाही. तरीही पेरणीस निघालेला शेतकरी तेथे हात जोडतो आणि नवी मोटार घेतलेला मनुष्य थांबून नारळ वाढवितो.

विचारी यात्रेकरूच्या मनात येथे दोन शंका उत्पन्न होतात. परमेश्वर सर्वव्यापी आहे असे आपण ऐकत आलो. मग त्याला या दगडात, या झाडातच का पाहावे? आणि तो खरोखर सर्वत्र असेल, तर हळद-कुंकू, नैवेद्य, जागरण, विसर्जन या विधींचे प्रयोजन काय? या शंका अश्रद्धेतून येतात असे मानण्याचे कारण नाही. श्रद्धा डोळस असावी असे ज्याला वाटते, त्याला त्या पडणारच. प्रस्तुत लेखात खानदेशातील प्रथांच्या आधारे त्यांचा विचार करावयाचा आहे.

एका शब्दाचा इतिहास

वृक्ष, पाषाण, नदी, पशू यांच्या ठायी चैतन्य मानणाऱ्या श्रद्धेला पाश्चात्त्य अभ्यासकांनी 'अॅनिमिझम' असे नाव दिले. मराठीत त्यासाठी 'जडप्राणवाद' हा शब्द योजला जातो. एडवर्ड टायलर या इंग्रज मानवशास्त्रज्ञाने १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या 'प्रिमिटिव्ह कल्चर' या ग्रंथातून ही कल्पना रूढ झाली. स्वप्न आणि मृत्यू यांचा अर्थ लावताना आदिमानवाने चुकीचे अनुमान काढले, त्यातून सर्वत्र आत्मे आहेत अशी समजूत झाली आणि तीच धर्माची पहिली पायरी होय, असे त्याचे मत होते.

पुढे हा शब्द सरकारी दप्तरात शिरला. १९०१ व १९११ च्या खानेसुमारीत डोंगराळ मुलखातील असंख्य लोकांची नोंद 'अॅनिमिस्ट' या सदराखाली झाली. १९३१ साली ते नाव जाऊन 'ट्रायबल' म्हणजे आदिवासी धर्म असे सदर आले. नाव बदलले तरी अडचण तीच राहिली. वाघदेवाला नारळ वाहणारा भिल्ल एका रकान्यात आणि म्हसोबाला नारळ वाहणारा कुणबी दुसऱ्या रकान्यात, हे कोणत्या न्यायाने? समाजशास्त्रज्ञ डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९४३ साली आदिवासींविषयीच्या आपल्या ग्रंथात अशी रेषा ओढण्यास हरकत घेतली आणि आदिवासींना हिंदू समाजाचाच भाग मानले. आदिवासी समाजातील अनेकांना हे मत मान्य नाही. आपला धर्म स्वतंत्र आहे असे ते म्हणतात. आपण कोण आहोत हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याचा आहे, त्यामुळे त्या वादात शिरण्याचे आपल्याला कारण नाही. आपल्यापुरता मुद्दा असा की, दगडात चैतन्य पाहणारी दृष्टी डोंगरापलीकडे दूर कोठे तरी आहे असे समजून आपण तिच्याकडे पाहत असू, तर आधी आपले देवघर तपासावे.

देवघरातील दगड

पंचायतन पूजेत विष्णूच्या ठिकाणी शाळिग्राम असतो, तो गंडकी नदीतला गोटा. शिवाच्या ठिकाणी बाण असतो, तो सातपुड्यापलीकडे वाहणाऱ्या नर्मदेतला. गणपतीसाठी शोण नदीतील तांबडा पाषाण घेतात. हे तिन्ही दगड छिन्नी न लागलेले. शिल्पकाराने घडविलेल्या मूर्तीला प्राणप्रतिष्ठा करावी लागते; शाळिग्राम आणि नर्मदेचा बाण यांना तिची आवश्यकता मानीत नाहीत, कारण ते स्वयंभू समजले जातात. मांगलिक कार्यात सुपारी गणपती होते, कलश वरुण होतो. सकाळी अंथरुणातून उठल्यावर भूमीवर पाय ठेवण्यापूर्वी तिची क्षमा मागण्याचा संस्कार आपल्याकडे आहे. क्षमा मागितली जाते ती ऐकू शकणाऱ्याची. म्हणजे भूमी ऐकते, हे त्यात गृहीत आहे.

याहून बोलका दाखला वृक्षतोडीचा आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत मूर्तीसाठी लाकूड आणावयाचे असता पाळावयाचा विधी सांगितला आहे. आदल्या रात्री त्या वृक्षाची पूजा करावी आणि त्यावर राहणाऱ्या भूतमात्रांना, आपण अन्यत्र वास करावा, अशी विनंती करावी, असा त्याचा आशय आहे. सातपुड्यातील पावरा व भिल्ल समाजांत नवस फेडण्यासाठी इंदल पूजा होते. तीत कळंबाची फांदी आणून रोवतात आणि रात्रभर तिच्याभोवती नाचतात. ही फांदी तोडण्यापूर्वीही झाडाची पूजा होते. एक विधी संस्कृत ग्रंथातला, दुसरा कोणत्याही ग्रंथात न लिहिलेला. दोहोंच्या मुळाशी भावना एकच आहे: कुऱ्हाड उचलण्यापूर्वी समोरच्याला विचारले पाहिजे.

या भावनेकडे आधुनिक अभ्यासकही आता निराळ्या दृष्टीने पाहू लागले आहेत. निलगिरीच्या परिसरातील नायक या वनवासी लोकांमध्ये राहिलेल्या नुरित बर्ड-डेव्हिड या विदुषीने १९९९ साली टायलरच्या मताची फेरतपासणी केली. तिच्या विवेचनाचा गाभा असा की, हे लोक दगडाविषयी एखादा सिद्धांत मांडीत नाहीत. ते त्याच्याशी नाते राखतात. ज्या दगडाशी, टेकडीशी वा हत्तीशी आपला संबंध आला, तो त्यांना आप्त होतो. दगडाला आत्मा आहे काय, हा प्रश्न पंडितांचा. या दगडाशी मी कसे वागावे, हा प्रश्न भक्ताचा.

चालणारी भिंत

सावद्याहून फार दूर नसलेल्या तापी-पूर्णा संगमावर चांगदेव हे गाव आहे आणि त्याच परिसरात मुक्ताईची समाधी आहे. चांगदेव आणि ज्ञानदेवादी भावंडांच्या भेटीची कथा आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणी ऐकली आहे. योगसामर्थ्याने थोर झालेले चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन आळंदीस आले. ही चार भावंडे त्या वेळी एका भिंतीवर बसलेली होती. अतिथीला सामोरे जावे म्हणून त्यांनी भिंतीला चालविले. सजीवांवर सत्ता चालविणाऱ्यापेक्षा निर्जीवाला चालविणारा श्रेष्ठ, असा या कथेचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो.

परंतु कथेत आणखी एक गोष्ट दडली आहे. चांगदेवांनी वाघाला वाहन केले आणि सापाला शस्त्र. त्यांनाही सृष्टीतील शक्तीची ओळख होती, पण ती त्यांनी स्वतःच्या मोठेपणासाठी राबविली. भिंत मात्र कोणाला जिंकण्यासाठी निघाली नाही. ती पाहुण्याच्या स्वागतासाठी निघाली. सृष्टी सचेतन आहे असे मानणाऱ्यापुढे या दोन वाटा नेहमीच असतात. पहिली वशीकरणाची: त्या शक्तीला मंत्राने, बळीने, तोडग्याने मुठीत धरावे आणि आपले काम करून घ्यावे. दुसरी नात्याची: तिला सामोरे जावे, तिचा मान राखावा, आणि त्यासाठी आपल्या वागण्याला मर्यादा घालावी. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही वाटांवर तेच नारळ आणि तेच कुंकू दिसते. फरक ओळखावयाचा तर एकच विचारावे: या विधीने कोणाचा हात बांधला गेला? पूजा करणाराचा, की दुसऱ्या कोणाचा?

हात बांधणारे विधी

या कसोटीवर खानदेशातील सण लावून पाहावेत. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया हा या मुलखातील मोठा सण. त्या दिवशी पाण्याने घागर भरून, तिच्यावर खरबूज किंवा आंबा ठेवून पितरांचे स्मरण करतात. आखाजीला पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखविल्याखेरीज आंबा खावयाचा नाही, असा अनेक घरांचा नेम आहे. झाड पाडांनी लगडलेले असते, मुलांच्या तोंडाला पाणी सुटते, पण घरातील आजी सांगते, अजून आखाजी झाली नाही. जे आपल्या अंगणात पिकले, त्याच्यावर पहिला हक्क लावून गेलेल्याचा, ही शिकवण त्या मुलाला कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळणार नाही. सातपुड्यातील अनेक समाजांतही नव्या धान्याला देवाला दाखविल्याशिवाय तोंड लावीत नाहीत. याच आखाजीला सालदाराचे वर्ष संपते आणि नवे सुरू होते. राबणाऱ्याचा हिशेब पितरांच्या साक्षीने होतो, असे म्हणावयास हरकत नाही.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई येते. नारळावर डोळे-नाक रेखून, नथ व दागिने घालून तिला चौरंगावर बसवितात. घरातील माणसांच्या हिशेबाने मुठीमुठीने गहू काढून रोटाचा स्वयंपाक होतो. नोकरीधंद्यासाठी सुरत, पुणे, मुंबई येथे गेलेले भाऊबंद त्यासाठी घरी परततात. रात्री जागरण होते आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर तिला निरोप दिला जातो. येथे विधीने बांधला जातो तो विखुरलेल्या भावांचा वेळ. कानबाई म्हणजे कोण, याविषयी विद्वानांत मतभेद असतील; परंतु वर्षातून एकदा एका घरचा रोट सर्वांनी मिळून खावा, याविषयी घरात मतभेद नसतो.

पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. वाघदेवाची पूजा करणारा वाघाला शत्रू म्हणत नाही. तो त्याला त्याची सीमा देतो आणि स्वतःची सीमा ओळखतो. देवाच्या नावाने राखलेल्या देवराईत कुऱ्हाड चालत नाही. या प्रत्येक ठिकाणी देवाला काय मिळाले हे आपल्याला सांगता येणार नाही. माणसाचा हात काही काळ थांबला, हे मात्र डोळ्यांना दिसते.

कोणी विचारील की, हात थांबविण्यासाठी कायदा पुरेसा नाही काय? कायदा आवश्यक आहे. परंतु तो बहुधा पाहणारा कोणी असेल तोवरच चालतो. विधी मनुष्यासमोर एक चेहरा उभा करतो. नारळावर रेखलेले दोन डोळे आपल्याकडे पाहत असतात. शिवाय विधी हा शरीराने, ठरल्या तिथीला, सर्वांनी मिळून करावयाचा असतो. त्यामुळे ज्याला तत्त्वज्ञान उमगत नाही त्या बालकालाही तो उमगतो. आवाहनाबरोबर विसर्जन आहे, यातही मोठा अर्थ आहे. ज्याला बोलाविले त्याला निरोप द्यावयाचा, म्हणजे देव आपल्या मालकीचा नाही याची कबुली द्यावयाची. सर्वव्यापी परमेश्वराला एका दगडात पाहणे म्हणजे त्याला लहान करणे नव्हे. सर्वत्र असणाऱ्याकडे पाहण्यास आपली दृष्टी अपुरी पडते, म्हणून ती एका जागी स्थिर करावयाची, आणि तेथे शिकलेला आदर मग सर्वत्र न्यावयाचा.

हात उगारणारे विधी

चित्राची दुसरी बाजू लपविणे योग्य होणार नाही. सर्वत्र शक्ती आहेत असे मानणारे मन भयाने ग्रासले की, आजाराला, मृत्यूला, गाय आटण्याला कोणीतरी कारण शोधू लागते. सातपुड्याच्या दुर्गम पाड्यांत डाकीण ठरवून स्त्रियांचा छळ झाल्याच्या घटना घडत आल्या आहेत. तेथेही विधी असतो, भगत असतो, शेंदूर असतो. पण त्या विधीने करणाराचा हात बांधला जात नाही. तो एका असहाय बाईवर उगारला जातो. ही वशीकरणाची वाट आहे आणि तिचा शेवट नेहमी दुर्बळाच्या अंगणात होतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी ज्यासाठी अनेक वर्षे प्रयत्न केले, तो जादूटोणा व अघोरी प्रथांना प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात २०१३ साली, त्यांच्या हत्येनंतर झाला. या कायद्याला धर्माचा शत्रू समजणे चूक आहे. विधीच्या नावाने दुसऱ्याला इजा करणाऱ्याचा हात तो बांधतो, आणि खऱ्या विधीचेही तेच काम आहे.

संतांनी क्षुद्र देवतांच्या उपासनेवर कोरडे ओढले, त्याचा रोखही याच भयाकडे आणि सौदेबाजीकडे होता. संत गाडगेबाबांनी (१८७६-१९५६) आयुष्यभर कीर्तनांतून पशुबळीच्या प्रथेला विरोध केला. आपल्या खानदेशातही याचे एक तेजस्वी उदाहरण आहे. आजच्या नंदुरबार जिल्ह्यात, तळोदा तालुक्यातील मोरवड येथे १९३०च्या दशकात गुला महाराज या भिल्ल संताने आरतीचा उपक्रम सुरू केला. हजारो आदिवासी त्या आरतीस जमू लागले. दारू सोडावी, स्वच्छ राहावे, परस्परांना 'आप' असे आदराने संबोधावे, अशी त्यांची शिकवण होती. १९३८ साली ते निवर्तले. त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ते कार्य पुढे नेले. विधी टाकून देण्याचा उपदेश त्यांनी केला नाही. आरती तीच ठेवली आणि तिच्याकडून नवे काम करून घेतले. दारूच्या प्याल्याकडे जाणारा हात त्या आरतीने थांबविला. विधीचे शुद्धीकरण याहून निराळे काय असते?

आपल्या दारातील प्रश्न

आता ही कसोटी स्वतःला लावावयाची आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा 'बझाडा' नावाचा पट्टा आहे. डोंगरावरून येणारे पाणी मुरवून घेण्याची त्याची शक्ती मोठी. या पाण्यावरच यावल-रावेरच्या केळीबागा उभ्या राहिल्या. परंतु गेल्या काही दशकांत उपसा मुरणाऱ्या पाण्याहून अधिक झाला आणि भूजलाची पातळी फार खाली गेली. जुन्या विहिरी कोरड्या पडल्या, विंधनविहिरी अधिकाधिक खोल गेल्या. त्या कोरड्या विहिरींच्या काठी साती आसरांचे दगड अजूनही आहेत. त्यांना शेंदूर लागतो, ओटी भरली जाते. नव्या विंधनविहिरीची पूजाही आपण नारळ वाढवून करतो. येथे विधी यथासांग आहे. फक्त त्याने आपला हात बांधला जात नाही.

विधीला लागणारा सर्वांत मोठा दोष हाच होय. नैवेद्य दाखविला, म्हणजे देणे फिटले, अशी पावती आपण मनातल्या मनात फाडून घेतो आणि मग निश्चिंतपणे उपसा सुरू ठेवतो. पूजा ही ऋणाची फेड समजली की ती उलट काम करते. ती ऋणाची आठवण समजली तरच उपयोगी पडते. आसरा जर खरोखर पाण्यात राहत असतील, तर त्यांचे घर रिकामे करून त्यांच्या दगडाला हळद-कुंकू वाहण्यात भक्ती कोठे राहिली? ठिबक सिंचनाने पाणी वाचते हे खरे. पण वाचलेले पाणी जमिनीत राहू दिले तर तो नेम झाला, आणि त्यावर आणखी चार बिघे केळी लावली तर ती केवळ सोय झाली.

ही गोष्ट एकट्या शेतकऱ्याची नाही. आपण यात्रेस येतो, नदीला माता म्हणून नमस्कार करतो आणि तिच्याच पात्रात निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी सोडतो. यावल तालुक्यात आडगावजवळ सातपुड्याच्या कुशीत असलेल्या मनुदेवीच्या दर्शनास गेलेला भाविक तेथील धबधबा पाहून हरखतो. त्या पाण्याला देवीचा प्रसाद मानणाऱ्याने पाण्याची बाटली तेथे टाकून येणे, हा देवीचा अवमान आहे.

म्हणून भाविकांना नम्र विनंती आहे की, यात्रेत कोणताही विधी करताना क्षणभर थांबून स्वतःला एक प्रश्न विचारावा: आज या विधीने माझ्यावर कोणते बंधन आले? उत्तर लहान असले तरी चालेल. एखादे झाड न तोडणे, एखाद्या विहिरीत पाणी मुरविण्याची व्यवस्था करणे, वाडीतील एखाद्या भयभीत स्त्रीच्या पाठीशी उभे राहणे, भावाशी धरलेला अबोला सोडणे. असे एक जरी बंधन घरी नेता आले तरी दर्शन सफल झाले असे समजावे.

शिवेवरचा शेंदराचा दगड आणि गाभाऱ्यातील मूर्ती, दोहोंकडे पाहण्यास आपल्याला एकच दृष्टी लाभो. ती दृष्टी देवळाच्या पायरीवर न राहता शेतात, विहिरीवर, घरात आपल्याबरोबर येवो. आणि चराचरात वास करणाऱ्या परमेश्वराला ओळखण्यापूर्वी उचललेला आपला हात आपल्याच विधीने थांबो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.